काच चालत नाही

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे सगळं घातलं असं समज. हात दुखतोय म्हणून थेट मुद्द्यावर येतो. अण्णांच्या शनिवारच्या बियरचं काहीतरी करायला हवं. फोनवरच बोललो असतो, पण घरात असलो की अण्णा समोर, आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. कामावर लिफ्टच्या शाफ्टमध्ये रेंज नसते, आणि बाहेर आलो की बोलायची ताकद नसते. म्हणून हा कागद.

गेल्या शनिवारी बाटली त्यांच्या हातून निसटली. मी फडकं आणेपर्यंत हे खाली बसून काचा वेचायला लागले. ‘अण्णा, राहू द्या’ म्हटलं, तर म्हणतात, ‘तुला दिसणार नाहीत, तू बाजूला सर.’ तळहात कापला तरी हटेनात. फरशी पुसली, हात बांधला, वास जाईना म्हणून खिडक्या उघडल्या, तर गारठ्याने त्यांना खोकला लागला. तो अजून चालू आहे.

माझं म्हणणं, आता कॅन आणावेत. फुटत नाहीत, वजनाला हलके, आणि हे सगळं घेऊन वरच्या मजल्यापर्यंत कोण चढतं ते तुला ठाऊक आहे. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहतो कुठे, तर जिथे लिफ्टच नाही. असो.

परवा एक कॅन आणून दाखवला. अण्णांनी तो बल्बसमोर धरला, फिरवला, खालून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाले, ‘आत काय आहे?’ मी म्हटलं, बियर. म्हणाले, ‘कशावरून?’ सबंध नोकरी ज्या माणसाने बियरच्या कंपनीत दिव्यावर बसून काढली, पांढऱ्या उजेडापुढून सरकणाऱ्या बाटल्यांतली तडा गेलेली, कचरा असलेली नेमकी उचलून बाजूला केली, त्याला हे बंद डबडं कसं पटवायचं? तू लिहून बघ. तुझं ऐकतात. दोन ओळी टाक, कॅन चांगला असतो म्हणून.

बाकी ठीक. अण्णा अधूनमधून पाळीला निघतात. चपला घालून दाराशी उभे, आणि कंपनीची गाडी का आली नाही म्हणून माझ्यावर चिडतात. दिवसा खालची शिवणवाली त्यांना आपल्या मशीनपाशी बसवून घेते, म्हणून माझी नोकरी टिकली आहे.

तुझा,
ठोंब्या


१७ फेब्रुवारी

ठोंब्या,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कान इकडे कर. त्या माणसाकडे आता उरलंय काय? आठवड्यातून एक बियर. डॉक्टरांनीसुद्धा तेवढी ठेवली, आणि तुला त्यातही काटछाट करायची आहे. बाटली जड लागते म्हणे. पेपरात असलं उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करते.

बाटली निसटते, तर तू धर. खाली जाड सतरंजी घाल. झाकण तू उघड आणि दोन्ही हातांत नीट दे. एवढं अवघड आहे का? आमच्याकडे ‘हे’ म्हणाले, कॅनच बरा, उजेड लागत नाही, चव टिकते. त्यांना म्हटलं, तुम्हाला कुणी विचारलं नाही.

तुला आठवतं का, आपण कंपनीत अण्णांचा डबा घेऊन जायचो? मशिनांचा एवढा गोंगाट की तिथे कुणी बोलायचंच नाही. वाईट बाटली आली की अण्णा तिची मान धरून उचलायचे. चांगल्या जात असल्या की हात गुडघ्यांवर. आपण येऊन उभे राहिलो तरी मान वळवायचे नाहीत. घरीही तेच. माझा निकाल बघून हात गुडघ्यांवर ठेवले की मी सुटले. तुझी मात्र दर वेळी मान धरली जायची आणि मी दाराआडून हसायचे. बिचारा. तुझा निकाल बघताना ते हात गुडघ्यांवर गेलेले मला तरी आठवत नाहीत.

त्या हातांनी ते बाटली बल्बसमोर धरतात, तर धरू दे. मी काही कॅनची वकिली करणार नाही. खोकल्याला गरम पाणी दे.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. सतरंजी घातली. अण्णा तिच्यात अडकून पडता पडता राहिले. काढून ठेवली.

मग मी माझं डोकं चालवलं, जे तू लहानपणापासून चालवू नको म्हणत आलीस. एक रिकामी बाटली स्वच्छ धुतली, कॅनमधली बियर तिच्यात ओतली आणि नेऊन दिली. म्हटलं, बाटलीचं समाधान होईल आणि हळूहळू कॅनची चवही कळेल. अण्णांनी बल्बसमोर धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाले, ‘पातळी वर आहे. आणि झाकणाचा आवाज मी ऐकला नाही.’ मी म्हटलं, स्वयंपाकघरात उघडली. म्हणाले, ‘ही आमच्या दिव्यावरून गेली नसती.’ मान धरून बाटली उचलली, खाली फरशीवर ठेवली, आणि माझ्याकडे पाहिलं. या वयात, ताई, केस पिकलेला माणूस मी, माझी मान आपोआप खांद्यांत गेली. पुढचे दोन-तीन दिवस माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. खालच्या शिवणवालीला मात्र सांगितलं की आपला मुलगा भेसळ करतो.

पेल्यात ओतून दिली, तर बाटली कुठे म्हणून विचारतात. कॅन समोर फोडला, तर तोंड फिरवतात. गेल्या शनिवारी प्यायलेच नाहीत. दिवसभर बियरची वाट पाहिली, आणि कॅन बघून अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी बाहेर बसून ती कोमट झालेली स्वतः प्यायलो. मला बियर आवडत नाही, हे तुला माहीत आहे.

मी हात टेकलेत. चेष्टा पुरे, खरंच सांगतो. महिनाअखेरच्या आत त्यांना कॅनची सवय लागलीच पाहिजे. घरातली काच मला बंद करायची आहे. का ते विचारू नकोस. फक्त लिही त्यांना.

ठोंब्या


१० मार्च

अरे लबाडा,

तुझं पत्र मी मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास पोरांना गणितं घालून नुसती हसत बसले. महिनाअखेर. घरातली काच बंद. का ते विचारू नकोस. मी गणित शिकवते रे, एवढं उत्तर मला काढता येतं.

प्रत्येक पत्रात शिवणवाली. शिवणवाली अण्णांना बसवून घेते, शिवणवालीला अण्णांनी सांगितलं. आणि आता तिला घरात बियरच्या बाटल्या रांगेने उभ्या केलेल्या दिसायला नकोत, हो ना? कॅन काय, चेपून टाकता येतो. सरळ सांगायचं होतंस. या वयात कुणी तुला नावं ठेवणार नाही, आणि ठेवली तर माझ्याकडे पाठव. मला किती बरं वाटलं हे तुला कळणार नाही. तू एकटा त्या जिन्यावरून वरखाली करतोस हा विचार मी आपला बाजूला सारत असते.

तेव्हा काम झालं समज. अण्णांना स्वतंत्र पत्र टाकलंय, याच टपालाने. मोठ्या अक्षरात, म्हणजे भिंग लावून वाचतील. लिहिलंय की ठोंब्या संसार मांडतोय, घरात बाईमाणूस येणार, तेव्हा काचेचा पसारा नको. त्याच्यासाठी एवढं करा, कॅन प्या. बघ कसे ऐकतात ते.

तिला काय आवडतं ते कळव. परीक्षा संपल्या की येते.

तुझी ताई


१९ मार्च

ताई,

काय करून बसलीस तू.

तुझं पत्र अण्णांनी भिंग लावून दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. मला वाटलं, तब्येतीची चौकशी असेल. शनिवारी स्वतःहून दाढी केली. इस्त्रीचा शर्ट मागितला. मग मला म्हणाले, ‘खाली जा, तिला वर बोलाव.’ ती आली, गळ्यात टेप तसाच. अण्णांनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. मी पाहतच राहिलो. त्या खुर्चीत मीही कधी बसलेलो नाही.

मग म्हणाले, ‘आण तो डबा.’ कॅनची कडी उघडताना त्यांचं नख तुटलं, तरी मला हात लावू दिला नाही. बल्बसमोर धरला नाही. डोळे मिटले, ताई, आणि औषध घेतात तसा गटागटा प्यायले. ज्या माणसाने सगळा जन्म डोळे उघडे ठेवण्याचं काम केलं, तो माझ्यासाठी डोळे मिटून प्यायला. मग तिला म्हणाले, ‘मुलगा बरा आहे. लवकर दमतो, तेवढं सांभाळून घे.’

तिला नवरा आहे. बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो, चांगला धिप्पाड आहे. ती जिन्यात जाऊन पदर तोंडात कोंबून हसली. मला हसू येईना. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो.

आता खरं सांगतो. मी अण्णांचं नाव वृद्धाश्रमात घातलंय. जागा एक तारखेपासून आहे. तिथे काच चालत नाही. बाटली नाही, पेला नाही, फोटोची चौकटसुद्धा नाही. आधी कुणाला तरी लागलं होतं म्हणे. मी पुष्कळ आश्रम पाहिले. बाकी सगळीकडे बियर म्हटल्यावर तोंडावर दार लावलं. या आश्रमातली बाई तेवढी म्हणाली, शनिवारी एक चालेल, पण कॅन. म्हणून माझा हा सगळा आटापिटा. तिथे जाऊन पहिल्याच शनिवारी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं असतं, तर मला घरी येऊन झोप लागली नसती.

झोपेवरून सांगतो. गेल्या महिन्यात मी कामावर झोपलो. लिफ्टच्या गाडीच्या छतावर उभं राहून दोर तपासत होतो आणि उभ्या उभ्या डोळा लागला. जोडीदाराने आरडाओरडा केला म्हणून आज हे लिहितोय. तो नसता तर अण्णांना रोज कुणी जेवायला घातलं असतं? अण्णा वेळी-अवेळी पाळीला निघतात. मी दाराला खुर्ची लावून तिच्यात बसतो. गॅस तपासतो, परत तपासतो. मी दमलोय. दुसरा शब्द मला सापडत नाही. अण्णा मला जड झालेत असं म्हणू नकोस. ते जड नाहीत, मीच संपत आलोय.

आणि आता ते खूश आहेत. लग्न कधी म्हणून रोज विचारतात. डबा प्यायला तयार आहेत. मनात आणलं तर याच खोटेपणावर त्यांना तिकडे नेता येईल. ‘घर लावून होईपर्यंत चार दिवस राहा’ म्हणायचं, की झालं. तू सांग, काय करू.

ठोंब्या


२६ मार्च

ठोंब्या,

या पत्राचं पहिलं पान मी फाडलं. त्यात तुला शिव्या होत्या. नाव घातलंस आणि मला विचारलं नाहीस, हे अजून खुपतंय, ते खुपू दे. दुसरं पानही फाडलं, त्यात अण्णांना इकडे पाठव असं होतं. लिहिताना चांगलं वाटलं. मग मान वर करून पाहिलं. आतल्या खोलीत सासूबाई, बाहेरच्या खोलीत ‘हे’ गुडघ्याला पट्टा बांधून, आणि मी ओट्यावर पेपर तपासतेय. अण्णांना कुठे ठेवू? खोटं बोलवेना.

बाटलीच्या बाजूने मी एवढी तावातावाने भांडले, कारण ती घेऊन जिने मला चढायचे नव्हते. सतरंजी घाल, नीट धर, गरम पाणी दे. कसं लिहिलं मी हे? तू छतावर झोपलास हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. आज फळ्यावर बेरीज चुकले, पोरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

आता ऐक. अण्णांना मी दुसरं पत्र लिहिणार नाही, पहिल्याने जे केलं तेवढं पुरे. तूच सांग. समोर बसून, शिवणवालीपासून आश्रमापर्यंत सगळं. लग्नाच्या आशेवर त्यांना तिकडे नेऊ नकोस. चार दिवस म्हणून नेशील, आणि ते रोज चपला घालून त्या दाराशी तुझी वाट बघत उभे राहतील. माणूस डोळे मिटून प्याला, म्हणून त्याला तसंच न्यायचं नाही रे.

नाही म्हणाले, तर मला कळव. रजा टाकून येते, मग दोघं मिळून बघू. हो म्हणाले, तर पंधरवड्यात येतेच.

सोबतच्या खोक्यात प्लास्टिकचा उंच पेला आहे, शाळेच्या प्रयोगशाळेतला. आरपार दिसतो आणि आपटला तरी फुटत नाही, मी जिन्यावरून टाकून पाहिला.

ताई


६ एप्रिल

ताई,

सांगितलं.

आधी शिवणवालीचं सांगितलं, कारण ते सोपं होतं. अण्णा म्हणाले, ‘मग डबा कशासाठी?’ म्हटलं, तिथे काच चालत नाही. ‘तिथे म्हणजे कुठे?’ मग आश्रमाचं सांगितलं. ते उठून बल्बखाली जाऊन उभे राहिले. हातात काही नव्हतं. म्हणाले, ‘काच नाही, तर मी तिथे बघू काय?’ मी म्हटलं, अण्णा, मला कामावर झोप लागली. गाडीच्या छतावर.

तेव्हा ते बसले. म्हणाले, ‘दिव्यावरून आम्हाला थोड्या थोड्या वेळाने उठवायचे. बदली माणूस यायचा. नाही उठवलं, तर डोळे उघडे असतात, पण दिसत काही नाही. बाटल्या नुसत्या जात राहतात.’ मग माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘तुला कुणी उठवलंच नाही.’

बॅग त्यांनीच भरली. तू ओळखतेस त्यांना, रडारड नाही. निघताना शिवणवालीला म्हणाले, ‘माफ कर बाई, मुलीचं गणित चुकलं.’ हे तुला मुद्दाम कळवतोय.

काल पहिला शनिवार होता. मी कॅन घेऊन गेलो. खोली स्वच्छ आहे, खिडकी मोठी आहे, तिलाही काच नाही, प्लास्टिकचा जाड पत्रा आहे. अण्णा खुर्चीत होते. जरा खचल्यासारखे वाटले. मी तुझा पेला काढला, कॅन त्यांच्यासमोर फोडला आणि ओतला. त्यांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला, खालून पाहिला. मग एक घोट घेतला. म्हणाले, ‘तुझ्या मेव्हण्याला सांग, चव बरी आहे.’ तुझ्या पत्रातलं कधी वाचलं कोणास ठाऊक.

अर्धा पेला माझ्या हातात दिला. मी आवडत नाही म्हटलं नाही, प्यायलो. मग म्हणाले, ‘जरा तिकडे खिडकीपाशी उभा राहा.’ मला वाटलं, बाहेरचं काही दाखवायचं असेल. उभा राहिलो. ते काही दाखवत नव्हते, ताई. माझ्याकडे बघत होते. पायांपासून वरपर्यंत, सावकाश, दिव्यावर बसायचे तसे. उजेड माझ्या पाठीमागून येत होता. मी या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर झोपलोय, आणि त्याची मला लाज वाटते, ती त्यांना दिसत असेल असं वाटलं. जुन्या सवयीने माझी मान खांद्यांत गेली.

घंटा झाली, भेटायची वेळ संपली. मी पेला धुतला, कॅन चेपून पिशवीत टाकला. पुढच्या शनिवारी तू येशील तेव्हा कॅन मीच आणीन, तू फक्त ये. दाराशी जाऊन वळून पाहिलं. अण्णा अजून माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

ठोंब्या